क्लेफ, रेषा आणि षड्ज : स्वरलेखनाच्या आज्ञावलींतील चिन्हविचार

१

स्वरलिपीला आपण लिपी म्हणतो खरे. परंतु लिपीच्या अभ्यासात जे प्रश्न विचारले जातात ते स्वरलिपीच्या बाबतीत क्वचितच विचारले जातात. चिन्हाचा आकार कोणता, त्याचे स्थान कोणते, आणि आकार व स्थान यांचा अर्थाशी संबंध जोडणारा संकेत कोणता, हे ते तीन प्रश्न होत. संगणकावर स्वरलेखन करण्याच्या आज्ञावली प्रचारात आल्यापासून या प्रश्नांना एक व्यावहारिक निकडही प्राप्त झाली आहे. पूर्वी पाच रेषांचा स्टाफ आणि त्याच्या आरंभी येणारे क्लेफ हे चिन्ह मुद्रकाच्या खिळ्यांत ठरून गेलेले असे. आज वापरणाऱ्यास रेषांची संख्या बदलता येते, त्यांतील अंतर कमीजास्त करता येते, क्लेफ लपवता येते, दुसऱ्या रेषेवर नेता येते, आणि काही आज्ञावलींत त्याचा आकारही बदलता येतो. हे स्वातंत्र्य नेमके कशाचे आहे? केवळ रूपाचे, की अर्थाचेही? प्रस्तुत विवेचन या एका प्रश्नापुरते मर्यादित आहे. तथापि त्याच्या उत्तरावर हिंदुस्थानी संगीतातील बंदिशींचे संगणकीय लेखन पुढील पिढीस वाचता येईल की नाही, ही गोष्ट बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

२

क्लेफ या फ्रेंच शब्दाचा अर्थ किल्ली असा आहे, आणि तो अन्वर्थक आहे. स्टाफवरील कोणत्याही रेषेला स्वतःचा असा स्वर नसतो. खालून तिसरी, म्हणजे मधली रेषा घेतली, तर जी-क्लेफमध्ये तिच्यावरील स्वर बी असतो, मधल्या रेषेवर सी-क्लेफ असता तोच मध्य सी होतो, आणि नेहमीच्या एफ-क्लेफमध्ये तो डी होतो. रेषा तीच, स्वरचिन्ह तेच. स्वर मात्र तीन. चिन्हाचे मूल्य चिन्हात नसून व्यवस्थेतील त्याच्या जागेत असते, हा सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील सिद्धान्त शिकवताना अध्यापकास याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

या चिन्हाचा इतिहासही उद्बोधक आहे. अकराव्या शतकात ग्वीदो द’आरेत्सो यांनी रेषांवर स्वर मांडण्याची जी पद्धत रूढ केली, तीत एफची रेषा तांबडी व सीची पिवळी असे आणि रेषेच्या आरंभी त्या त्या स्वराचे अक्षर लिहिले जाई. आजची क्लेफ-चिन्हे ही त्या अक्षरांचीच अलंकृत रूपे होत. एफ आणि सी हेच दोन स्वर विशेषत्वाने का निवडले गेले, याचे उत्तर स्वरसप्तकाच्या रचनेत आहे. या दोहोंच्या लगेच खाली अर्धस्वराचे अंतर येते. इतरत्र ते पूर्ण स्वराचे असते. गायकाला नेमकी कंपनसंख्या सांगणे हा या खुणेचा हेतू नव्हता. अर्धस्वर कोठे आहे हे दाखवणे एवढाच होता. चार रेषांच्या स्टाफवर लिहिल्या जाणाऱ्या ग्रेगोरियन गानात क्लेफचा अर्थ आजही असाच सापेक्ष आहे. गायकवृंद आपल्या आवाजाला सोयीची पट्टी धरतो आणि क्लेफ त्याला केवळ स्वरांतील अंतरांचा आराखडा पुरवते. निरपेक्ष स्वरोच्चतेशी क्लेफची जी गाठ आज आपण गृहीत धरतो, ती नंतरच्या काळात वाद्यसंगीताच्या आणि वाद्यवृंदाच्या गरजेतून पडली.

तात्पर्य, क्लेफमध्ये तीन घटक एकत्र नांदतात : आकार, स्थान, आणि ‘या स्थानी अमुक स्वर’ हा संकेत. मुद्रित पुस्तकात हे तीन घटक वेगळे करता येत नाहीत. संगणकाने ते वेगळे केले, आणि येथूनच टीकेचा प्रांत सुरू होतो.

३

या दृष्टीने दोन आज्ञावली तुलनेस घेण्यासारख्या आहेत. दोन्ही विनामूल्य उपलब्ध असून विद्यार्थ्यांच्या हाती सहज येण्याजोग्या आहेत. पहिली लिलिपाँड, ती १९९६ पासून हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी विकसित केली. तीत स्वरलेखन चित्राप्रमाणे ओढले जात नाही, तर अक्षरांत लिहिलेल्या सूचनांवरून पृष्ठ तयार होते. दुसरी म्यूझस्कोअर, व्हेर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये तिच्या निर्मितीस आरंभ केला. तीत पडद्यावरील स्टाफवरच स्वर ठेवले जातात.

लिलिपाँडमध्ये ‘क्लेफ’ ही वस्तुतः एक संक्षिप्त आज्ञा आहे. तिच्या पोटात चार वेगळे गुणधर्म दडलेले असतात : चिन्हाचा आकार, चिन्हाचे स्थान, सप्तकाचा फेर, आणि मध्य सी कोठे पडतो त्याचे स्थान. स्टाफची मधली रेषा शून्य मानून वर अधिक व खाली उणे असे मोजले जाते. जी-क्लेफमध्ये मध्य सीचे स्थान उणे ६, मधल्या रेषेवरील सी-क्लेफमध्ये ०, आणि एफ-क्लेफमध्ये अधिक ६. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही मांडणी पाहून समाधान वाटावे, कारण चिन्हक आणि चिन्हित यांचा भेद येथे तत्त्वज्ञानात नव्हे, तर यंत्राच्या रचनेत उतरला आहे.

परंतु भेद स्पष्ट केला म्हणजे संबंध सुरक्षित राहतो असे नाही. वापरणाऱ्याने चिन्हाचा आकार सी-क्लेफचा केला, त्याला मधल्या रेषेवर नेले, आणि मध्य सीचे स्थान मात्र तसेच उणे ६ वर राहू दिले, तर आज्ञावली त्याला अडवत नाही. ती निर्विकारपणे पृष्ठ तयार करते. त्या पृष्ठावर लेखकाने लिहिलेला मध्य सी स्टाफच्या खालच्या छोट्या जादा रेषेवर बसतो. यंत्र तो वाजवते तेव्हा मध्य सीच ऐकू येतो. पण व्हिओलावादक ते पान वाचील तेव्हा तो खालच्या सप्तकातील डी वाजवील, आणि त्याचेच वाचन बरोबर असेल. पान एक बोलते, यंत्र दुसरे. कानाने पडताळा घेणाऱ्या लेखकाला ही चूक कधीच सापडणार नाही.

रेषांच्या संख्येबाबतही असाच सूक्ष्म धोका आहे. पाच रेषांचा स्टाफ चार रेषांचा केला असता रेषा केंद्राभोवती समप्रमाणात मांडल्या जातात; म्हणजे उणे ४, उणे २, ०, २ आणि ४ या स्थानांऐवजी त्या उणे ३, उणे १, १ आणि ३ या स्थानांवर येतात. क्लेफ व मध्य सी यांची स्थाने मात्र बदलत नाहीत. परिणामी उणे २ वर असलेली जी-क्लेफ, जी कालपर्यंत रेषेला बिलगून होती, ती आता दोन रेषांच्या मधल्या रिकाम्या जागेत येते. जे स्वर रेषांवर होते ते अंतराळात जातात आणि जे अंतराळात होते ते रेषांवर येतात. सूचनापुस्तिकेत याची जाणीव दिलेली आहे, हे मान्य केले पाहिजे; पण पुस्तिकेतील सूचना ही व्याकरणाची जागा घेऊ शकत नाही.

म्यूझस्कोअरचा मार्ग उलट आहे. तेथे क्लेफ एका तयार संचातून उचलायची असते. आकार, स्थान आणि संकेत यांची गाठ तीत पक्की बांधलेली असल्यामुळे वरील प्रकारचा विसंवाद घडत नाही; क्लेफ बदलली की स्वरचिन्हे आपोआप योग्य जागी सरकतात. स्टाफच्या गुणधर्मांत रेषांची संख्या व त्यांतील अंतर बदलता येते, रेषा अदृश्य करता येतात, क्लेफ दाखवावी की न दाखवावी हे ठरवता येते. पण यांपैकी बहुतेक सवलती दर्शनी रूपाच्या आहेत. नवा संकेत निर्माण करण्याची वाट तेथे नाही. ज्याला संचाबाहेरचे चिन्ह हवे त्याने मूळ क्लेफ लपवावी आणि तिच्या जागी एखादे चित्र चिकटवावे, एवढाच उपाय उरतो. चिकटवलेले चित्र वाचकाला चिन्ह वाटते. यंत्राला ते शोभेची आकृती वाटते.

सारांश, एका आज्ञावलीत अर्थ बदलण्याचे स्वातंत्र्य आहे पण त्यावर पहारा नाही. दुसरीत पहारा आहे पण स्वातंत्र्य रूपापुरतेच आहे. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा निवाडा करण्यापेक्षा, कोणत्या संगीताला कोणते स्वातंत्र्य हवे हा प्रश्न अधिक मूलगामी होय.

४

हिंदुस्थानी संगीताच्या लेखनाकडे वळले असता या प्रश्नाचे खरे गांभीर्य ध्यानात येते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत स्टाफ नाही आणि क्लेफही नाही. स्वराचे नाव म्हणजेच स्वराचे चिन्ह. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली बिंदू, तार सप्तकासाठी अक्षरावर बिंदू. स्थानाने स्वर दाखवण्याऐवजी नावाने दाखवला जात असल्यामुळे किल्लीची गरज नाही, असे वरवर वाटते. ते पूर्णांशाने खरे नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत अक्षरावरील बिंदू मंद्र सप्तक दाखवतो आणि तार सप्तकासाठी अक्षरावर उभी रेघ येते. तोच बिंदू, त्याच जागी. एका परंपरेत स्वर वर नेतो, दुसरीत खाली आणतो. हे पान कोणत्या पद्धतीने लिहिले आहे ते कळल्याखेरीज बिंदूचा अर्थ लागत नाही. अशा पुस्तकांच्या आरंभी जे चिन्हांचे स्पष्टीकरण दिलेले असते, तीच त्या पुस्तकाची क्लेफ होय. फरक इतकाच की ती प्रत्येक ओळीच्या आरंभी न येता ग्रंथाच्या आरंभी एकदाच येते, आणि बंदिश पुस्तकातून सुटी काढली की मागे राहते.

याहून महत्त्वाचा भेद षड्जाचा. आपल्या पद्धतीत षड्ज चल आहे. गायक ‘काळी एक’ धरतो, गायिका ‘काळी चार’ धरते. बंदिशीच्या लेखनात त्यामुळे एका बिंदूचाही फरक पडत नाही. पट्टी ही लेखनाबाहेरची, मैफलीच्या वेळी ठरणारी गोष्ट आहे. अशी बंदिश पाच रेषांच्या स्टाफवर उतरवताना बहुधा सी म्हणजे षड्ज असे मानले जाते. लिहिणाऱ्याला ठाऊक असते की ही केवळ सोय आहे. पण जी-क्लेफ ते सांगत नाही. आजच्या वाचनसंकेतानुसार ती निरपेक्ष स्वर सांगते, आणि दूरदेशीचा वाचक ते पान पाहून ही रचना सी या स्वरावर आधारलेली आहे असे समजतो. जे लेखकाला सांगावयाचे नव्हते ते चिन्हाने परस्पर सांगितले. अनुवादात ज्याला अनाहूत अर्थाची भर म्हणतात, तिचाच हा प्रकार आहे.

स्टाफच्या आरंभी येणाऱ्या स्वरविकारांच्या खुणांचीही हीच अवस्था आहे. काफी थाटातील कोमल गांधार व कोमल निषाद नेहमीच्या पाश्चात्त्य खुणांत बसतात. मारवा थाटात कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम एकत्र येतात, आणि उतरी व चढी अशा दोन्ही खुणांचे हे मिश्रण रूढ पाश्चात्त्य संचात नाही. बेला बार्टोक यांनी १९२६ ते १९३९ या काळात रचलेल्या ‘मिक्रोकॉसमॉस’मध्ये अशी मिश्र खूण वापरली, आणि आजच्या आज्ञावली ती तयार करू देतात. म्हणजे स्वरविकारांच्या खुणेत अर्थाचे स्वातंत्र्य मिळाले आहे. क्लेफमध्ये ते अद्याप मिळालेले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. पाश्चात्त्य पद्धतीतही क्लॅरिनेटसारखी वाद्ये लिहिलेल्या स्वराहून वेगळा स्वर देतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजवला की ऐकू येतो बी-फ्लॅट. आज्ञावलींत या स्थानांतराची सोय आहे. मग गायकालाही असेच एक वाद्य मानून ‘काळी एक’चे स्थानांतर का नोंदवू नये? ध्वनीपुरता हा उपाय चालतो, यात शंका नाही. पण तो अर्थाच्या कसोटीस उतरत नाही. क्लॅरिनेटचे स्थानांतर हा वाद्याचा स्थिर गुण आहे. षड्ज हा ना गळ्याचा स्थिर गुण आहे, ना बंदिशीचा. शिवाय स्थानांतर नोंदवले तरी मागे एक निरपेक्ष मूळ स्वर गृहीत राहतोच. आपल्या लेखनात तो मुळी नाही. सापेक्षतेला निरपेक्षतेचा एक अपवाद म्हणून नोंदवणे आणि सापेक्षतेलाच नियम मानणे, या दोन वेगळ्या भूमिका आहेत.

येथे इतिहासाचा धागा पुन्हा हाती घ्यावा लागतो. हिंदुस्थानी बंदिशीला स्टाफवर मांडायचेच असेल, तर तिला जवळची क्लेफ वाद्यवृंदातली नव्हे, तर मध्ययुगीन गानातली आहे. ‘दो’ येथे आहे, बाकीची अंतरे त्यावरून समजून घ्या, असे म्हणणारी ती क्लेफ षड्जाची खूण म्हणून अधिक प्रामाणिक ठरेल. लिलिपाँडमध्ये ग्रेगोरियन गानाच्या क्लेफ आणि चार रेषांचा स्टाफ दोन्ही उपलब्ध आहेत. म्हणजे आकाराचा प्रश्न सुटण्याजोगा आहे. प्रश्न उरतो तो संकेताचा : ही खूण सापेक्ष आहे, हे यंत्राला कळेल असे नोंदवण्याची जागा कोठे आहे?

५

ती जागा नाही, आणि तिच्या अभावाचा परिणाम केवळ तात्त्विक नाही. एका आज्ञावलीतून दुसरीत स्वरलेखन नेण्यासाठी म्यूझिकएक्सएमएल नावाची विनिमयपद्धती वापरली जाते. तिच्या २०२१ च्या ४.० या आवृत्तीत क्लेफच्या चिन्हासाठी सात मूल्ये आहेत : जी, एफ, सी, तालवाद्यांचे चिन्ह, टॅब्लेचर, च्येनफू, आणि ‘काही नाही’. यांपैकी शेवटचे मूल्य वापरू नये असेही तेथे सुचवले आहे. वापरणाऱ्याने कितीही परिश्रमाने स्वतःची क्लेफ घडवली तरी विनिमयाच्या वेळी तिला या सातांपैकी एकात बसावे लागते. चिकटवलेल्या चित्राला तर या यादीत जागाच नाही.

यातील च्येनफू या मूल्याकडे मराठी अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. ही चीनमध्ये रूढ असलेली अंकांची स्वरलिपी. १ ते ७ हे अंक सप्तकातील स्वर दाखवतात, सप्तकासाठी अंकावर वा अंकाखाली बिंदू येतात, आणि ‘१’ म्हणजे कोणता स्वर हे वेगळे सांगितले जाते. तत्त्वतः ही भातखंडे पद्धतीची सख्खी बहीण आहे. दोन्हींत नाव सापेक्ष आणि पट्टी स्वतंत्र. तिला दृश्य क्लेफ नाही; तरीही ‘यापुढील लेखन या पद्धतीने वाचावे’ एवढे सांगण्यासाठी क्लेफच्या यादीत तिला जागा देण्यात आली. याचा अर्थ क्लेफ ही आकृती नसून वाचनसंकेताची घोषणा आहे, हे तत्त्व या विनिमयपद्धतीने स्वीकारले आहे. भातखंडे व पलुस्कर यांच्या पद्धतींना त्या यादीत स्थान नाही. दोष यादी करणाऱ्यांवर ढकलून आपली सुटका होणार नाही. ज्यांच्याजवळ लिपी आहे त्यांनीच तिचे व्याकरण मांडून दाखवावे लागते.

विनिमयाचा प्रश्न कल्पनेतला नाही. १९८८ पासून वापरात असलेल्या फिनाले या आज्ञावलीचा विकास थांबवत असल्याचे तिच्या चालकांनी ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. तीत स्टाफ व क्लेफ यांना हवे तसे वळण देण्याची मुभा मोठी होती. वर्षानुवर्षांचे लेखन आता इतरत्र न्यायचे तर ते विनिमयपद्धतीच्या अरुंद दारातून न्यावे लागते, आणि त्या दारातून जे जाते ते संकेतात नोंदलेले तेवढेच. आकारात लपवलेले मागेच राहते.

देवनागरी अक्षरांतील स्वरलेखनालाही हाच न्याय लागू पडतो. मंद्र सप्तकाचा बिंदू संगणकावर अनेकदा नुक्त्याने साधला जातो. दिसायला तो बिंदूच असतो. पण युनिकोडच्या व्यवस्थेत ‘र’ आणि नुक्ता यांचा संयोग म्हणजे ‘ऱ’, हे ‘दऱ्या’ व ‘सुऱ्या’ या मराठी शब्दांत येणारे अक्षर. आणि ‘ग’ व नुक्ता म्हणजे उर्दूतील घैन या वर्णासाठी योजलेले ‘ग़’. मंद्र ऋषभ शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला यंत्र व्याकरणातला ‘ऱ’ काढून देईल, आणि यंत्राच्या बाजूने ते बरोबरच असेल. कोमल स्वराखालची रेघ तर बहुधा केवळ अक्षरसजावट म्हणून दिलेली असते. मजकूर दुसरीकडे उतरवताना ती गळाली की कोमल गांधार शुद्ध होऊन बसतो, आणि भीमपलासीची बंदिश निराळ्याच रागाची वाटू लागते.

६

मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या इतिहासात या दोन लेखनपद्धती शेजारी नांदल्या आहेत. गोव्याच्या चर्चशाळांत स्टाफ वाचण्यास शिकलेले वादक व संयोजक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांपैकी प्रसिद्ध नावे. संगीतकाराने गाऊन किंवा सरगमने सांगितलेली चाल वाद्यवृंदासाठी स्टाफवर उतरवणे हे अशा संयोजकांच्या कामाचे अंग होते. षड्ज कोठे धरायचा आणि व्हिओलासाठी कोणती क्लेफ घालायची, हा निर्णय माणूस घेत असे, आणि त्यामागील संकेत त्याच्या स्मरणात असे. माणसाच्या स्मरणात असलेला संकेत कागदावर नसला तरी काम चालते. यंत्राजवळ स्मरण म्हणून जे असते ते नोंदलेले तेवढेच. हा फरक ध्यानात न घेता आज्ञावलीला मुद्रकाची जागा दिली, तर कागदावरचे सौंदर्य साधेल आणि अर्थ मात्र लेखकाबरोबर जाईल.

तेव्हा स्टाफ व क्लेफ यांच्या फेरबदलाचे मूल्यमापन करताना केवळ पृष्ठ कसे दिसते हे पाहणे अपुरे होय. बदल आकाराचा आहे, स्थानाचा आहे की संकेताचा, हे प्रथम वेगळे करावे. आकाराचा बदल असेल तर तो निःशंकपणे करावा. त्याने हानी होत नाही. स्थानाचा असेल तर मध्य सी वा षड्ज त्याबरोबर सरकला की नाही, हे कानाने नव्हे तर डोळ्याने, पान वाचून तपासावे. आणि संकेताचा असेल तर तो चित्राने व्यक्त करू नये. शब्दांत, प्रत्येक रचनेच्या आरंभी नोंदवावा : लेखनपद्धती कोणती, षड्ज सापेक्ष की निरपेक्ष, बिंदूचा अर्थ काय. ग्रंथाच्या आरंभी दिलेली किल्ली सुट्या पानाला पुरत नाही, आणि संगणकावर प्रत्येक बंदिश हे सुटे पानच असते.

बंदिशींच्या संगणकीय संग्रहांचे काम ठिकठिकाणी होत राहणार आहे. त्यातील लेखन सुबक असावे ही अपेक्षा योग्यच. परंतु पन्नास वर्षांनी ते उघडणाऱ्याला अक्षरावरचा बिंदू भातखंड्यांचा की पलुस्करांचा हे कळावे, ही अपेक्षा तिच्या आधी येते. तिची पूर्ती संगीत आणि भाषाशास्त्र या दोन्ही विभागांनी एकत्र बसून आपल्या स्वरलिपींचे संकेत यंत्राला समजेल अशा रीतीने मांडल्यावाचून होणार नाही.